दोन व्होल्टांची पट्टी

माझ्या टेबलावर आगपेटीहून लहान अशी एक जांभळी सर्किटपट्टी कायम पडलेली असते. मधोमध वीस पायांची काळी चिप, तिच्याभोवती तांदळाच्या कणीएवढे कपॅसिटर आणि कडेला हेडफोनचं वाटावं असं साडेतीन मिलिमीटरचं भोक. रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक जोडून घरच्या घरी गाणी वाजवणाऱ्या मंडळींना ती चांगली ठाऊक आहे. काही शे रुपयांत मिळते. तिला मी ६० हर्ट्झचा एक सरळ स्वर वाजवायला देतो, डिजिटलमध्ये जितका मोठा मावतो तितका मोठा, आणि मल्टिमीटरच्या काड्या टेकवतो. (६० हर्ट्झच का, तर साधे मल्टिमीटर एसी व्होल्ट मोजताना घरच्या विजेच्या आसपासच खरं बोलतात. हजार हर्ट्झ दिले की स्वस्तातले मीटर थापा मारू लागतात.) आकडा क्षणभर डळमळतो आणि स्थिरावतो: २.१.

हा झाला लाइन-आउटचा व्होल्टेज. डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) किंवा खिशातला हेडफोन अ‍ॅम्प घेताना लोक चिपचं नाव बघतात, किती बिट, किती किलोहर्ट्झ ते बघतात, आणि तपशिलाच्या कागदावरच्या ‘२ व्होल्ट आरएमएस’ या ओळीवरून पुढे सरकतात. मला मात्र कागद हाती आला की पहिल्यांदा तीच ओळ वाचावीशी वाटते. मैफलीत गवई बसले की पेटीवाला आधी विचारतो, पट्टी कोणती? काळी दोन म्हटलं की तानपुरे, तबला, पेटी सगळं त्या बेतानं लागतं. पट्टीनं गाणं चांगलं होत नाही. पण ती चुकली तर तार सप्तकात गळा फाटतो किंवा खर्जात सूर हरवतो. दोन यंत्रांच्या मध्ये जी तार जाते तिच्यावरची पट्टी म्हणजे हा व्होल्टेज.

आणि ही पट्टी दोनच का? टेपरेकॉर्डर आणि ट्यूनरच्या जमान्यात घरगुती उपकरणांची लाइन एका व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असे. व्यवहारात जो उणे १० डीबीव्ही म्हणून ओळखला जातो तो आकडा ०.३१६ व्होल्ट. १९८२ मध्ये सीडी प्लेअर बाजारात आले आणि त्यांच्या पाठीमागच्या भोकांतून दोन व्होल्ट येऊ लागले. सहा पटींहून जास्त. जुन्या अ‍ॅम्पला सीडी प्लेअर जोडला की आवाज अंगावर येई आणि लोक म्हणत, डिजिटलचा दमच वेगळा. दमाचा पुष्कळसा भाग निव्वळ व्होल्टचा होता.

पण त्यामागे हिशोब आहे, आणि तो करून बघण्यात गंमत आहे. सोळा बिटांत आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या होतात. दोन व्होल्ट आरएमएसची (म्हणजे एका अर्थी सरासरी दोन व्होल्टची) लाट वरच्या शिखरापासून खालच्या तळापर्यंत मोजली तर ५.६६ व्होल्ट भरते. म्हणजे एकेक पायरी ८६ मायक्रोव्होल्टांची. तीच गाणी ०.३१६ व्होल्टवर वाजवली तर पायरी उरते चौदा मायक्रोव्होल्टांचीही नाही. तानपुऱ्याची तार छेडल्यानंतर आवाज विरत विरत जातो तेव्हा तो या शेवटच्या पायऱ्यांवरून उतरत असतो, आणि खाली तारेची, जोडणीची, पुढच्या अ‍ॅम्पची खरखर टपून बसलेली असते. व्होल्ट वाढवून सीडीवाल्यांनी आवाज मोठा केला असं आपण समजतो. खरं म्हणजे त्यांनी शांततेला जोतं बांधून दिलं, म्हणजे पाणी आलं तरी घर कोरडं.

सीडी प्लेअर भिंतीतल्या विजेवर चालतो. त्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो, तो शून्याच्या वर बारा आणि शून्याच्या खाली बारा व्होल्ट आरामात देतो, त्यात ५.६६ व्होल्टची लाट म्हणजे मोठ्या अंगणात खेळणारं पोर. खिशातल्या यंत्राचं तसं नाही. लिथियमच्या एका सेलचे ३.७ व्होल्ट किंवा यूएसबीचे ५, तेही शून्याच्या वरच. चिपपर्यंत पोचेतो त्याचे ३.३ उरतात. ५.६६ उंचीची लाट ३.३ उंचीच्या खोलीत उभी कशी राहायची? शून्य धरायचं मधोमध, म्हणजे १.६५ वर, आणि लाटेला कमरेत वाकवायचं, हा जुना उपाय. त्यात जास्तीत जास्त १.१७ व्होल्ट आरएमएस निघतात, आणि ते दीड-पावणेदोन व्होल्टचं ओझं पुढे जाऊ नये म्हणून वाटेत एक जाडजूड इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवावा लागतो. यंत्र सुरू करताना कानात जो ‘धप्’ आवाज येई तो त्याचाच.

माझ्या जांभळ्या पट्टीवरची चिप टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१०२. तिला मिळतात फक्त ३.३ व्होल्ट, आणि ती देते २.१ आरएमएस. पट्टी भिंगाखाली धरलीत तर चिपच्या दोन पायांना बिलगलेला २.२ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर दिसेल. त्याच्यातून आवाज जात नाही. तो आहे रहाटाचं गाडगं. चिप त्याला ३.३ व्होल्टनं भरते, मग उचलते आणि त्याचं वरचं टोक शून्यावर टेकवते. साहजिकच त्याचं खालचं टोक जातं उणे ३.३ वर. तिथे ते रिकामं होतं दुसऱ्या कपॅसिटरात, आणि पुन्हा भरायला येतं. सेकंदात असंख्य फेऱ्या. खोलीला अशा रीतीनं तळघर मिळतं. आता शून्य खरोखरच शून्यावर आहे, वर ३.३, खाली ३.३, वाटेतला जाडजूड कपॅसिटर गेला, धप् गेला. आणि हिशोब बघा: २.१ आरएमएसचं शिखर २.९७ व्होल्टवर जातं. छतापासून उरली जागा एक तृतीयांश व्होल्ट. एवढ्यात ही लाट छताला डोकं न लावता फिरते. ३.३ मधून किती पिळायचं आणि कुठे थांबायचं हे ज्यानं ठरवलं त्याच्या हाताला तोल होता.

याच चिपच्या मांडणीत आणखी दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. एक पाय असा आहे की वीज जायला लागली हे कळताच तो आवाज हळूच मिटवतो. दार आपटत नाही, ओढून घेतो. आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर ४७० ओहमचा रेझिस्टर आणि २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर बसवा अशी शिफारस आहे. ही जोडी दीडशे किलोहर्ट्झच्या वरचा डिजिटल कचरा गाळते. ऐकू येणाऱ्या भागाला ती हातही लावत नाही. पण त्या ४७० मध्ये आणखी एक इशारा लपला आहे. भोक साडेतीन मिलिमीटरचं असल्यामुळे कुणीतरी मोहानं त्यात ३२ ओहमचा हेडफोन खुपसतोच. मग २.१ व्होल्टमधला सहा-साडेसहा टक्के हेडफोनला मिळतो आणि बाकीचा रेझिस्टर गिळतो. आवाज येतो, पण भिंतीपलीकडून आल्यासारखा. लाइन-आउट हे घराचं माजघर आहे, दिवाणखाना नव्हे. तिथून निघालेल्या व्होल्टला पुढे कुणीतरी अंगाखांद्यावर घेणारं लागतं.

तो अंगाखांद्यावर घेणारा म्हणून ज्या सर्किटाच्या मी प्रेमात आहे त्याचं नाव ऑब्जेक्टिव्ह-टू, बोलीभाषेत ओटू. २०११ मध्ये एका माणसानं त्याचा आराखडा इंटरनेटवर मोकळा ठेवला. स्वतःचं नाव दिलं नाही. एनडब्ल्यूएव्हीगाय एवढीच सही. कुणीही बांधा, विका, फक्त आराखडा बदलू नका, अशी परवान्याची अट. सुट्या भागांचा खर्च तीस डॉलरच्या आसपास बसावा असा बेत. पुढच्याच वर्षी तो जोडीला एक डॅक देऊन गेला आणि २०१२ मध्येच लिहायचा थांबला तो थांबलाच. आयईईई स्पेक्ट्रमसारख्या भारदस्त नियतकालिकानं २०१४ मध्ये या बेपत्ता माणसावर लेख छापला. आजही तो कोण हे उघड नाही. आपल्याकडे काही बंदिशींचा कर्ता कुणालाच माहीत नसतो, चीज मात्र घराघरांत गायली जाते, तसंच काहीसं.

ओटूचा नकाशा एका पानावर मावतो. डावीकडून वाचायला लागा. आत येणाऱ्या वाटेवर २७४ ओहमचा रेझिस्टर आणि २२० पिकोफॅरडचा इवलासा कपॅसिटर, म्हणजे उंबऱ्यावरचं पायपुसणं. शेजारी मोबाइल ठेवला की फोन यायच्या आधी स्पीकरमधून ‘टिर्र-टिट्-टिट्’ ऐकू यायचं, आठवतं? तो रेडिओचा चिखल इथेच पुसला जातो. मग येतो गेनचा, म्हणजे आवाज वाढवण्याचा, टप्पा: एनजेएम २०६८ ही ऑप-अ‍ॅम्प चिप आणि तिच्याभोवती मोजके रेझिस्टर. दीड किलोओहम आणि एक किलोओहम यांच्या जोडीनं आवाज अडीच पट. पुढच्या पट्टीवरचं बटण आत दाबलं की एक किलोओहमच्या जागी २७४ येतात आणि तोच आवाज साडेसहा पट. तेच २७४, जे उंबऱ्यावर होते. भाग मागवताना एक ओळ कमी. तीस डॉलरांत बसायचं तर असा संसार करावा लागतो, आणि घरातली जाणती बाई जसं एकाच डाळीत वरण आणि आमटी दोन्ही काढते तसं त्यानं हे सहज केलंय.

आता ती अडीच पट आणि आपले दोन व्होल्ट शेजारी ठेवा. दोन गुणिले अडीच, पाच व्होल्ट. भिंतीतल्या विजेवर ओटूच्या आत शून्याच्या वर बारा, खाली बारा व्होल्ट असतात. त्यात ऑप-अ‍ॅम्प सुमारे सात व्होल्ट आरएमएस देऊ शकतो. म्हणजे सातच्या खोलीत पाचची लाट. आत येणारा व्होल्टेज २.८ पर्यंत गेला तरी चालेल. सीडी प्लेअरवाले आणि डॅकवाले दोन म्हणतात, कुणी २.१, कुणी २.३, या सगळ्यांना सामावून वर थोडी हवा उरते. अडीच हा आकडा त्यानं पेटीवर बोट ठेवून शोधलेला आहे.

साडेसहा मात्र दोन व्होल्टवाल्यांसाठी नाही, आणि हे मी कानानं शिकलो. ओटू बांधून झाला त्या रात्री उत्साहात बटण आत दाबलं. जास्त ते चांगलं, ही आपली सवय. किशोरी आमोणकरांचा भूप लावला. मध्य सप्तकापर्यंत काही कळलं नाही. तार षड्जाच्या जवळ आवाज चढला आणि कडेला कसली तरी धार लागली; कापड फाटल्यासारखी नव्हे, कापडाच्या काठावरचे धागे निघाल्यासारखी. मी आवाजाचं बटण कमी केलं. आवाज लहान झाला, धागे तसेच. ध्वनिमुद्रणाला दोष देऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी दुसरं मुद्रण, तेच. तेव्हा कागद-पेन्सिल काढली. साडेसहा पटीत सात व्होल्टची मर्यादा गाठायला आत १.०८ व्होल्टच पुरतात. माझा डॅक देत होता दोन. पूर्ण उंचीच्या निम्म्याहून जरा वर गेलेलं प्रत्येक शिखर छाटलं जात होतं. बटण बाहेर काढलं, धागे गेले.

आवाज कमी करूनही ते धागे का गेले नाहीत, यातच ओटूची सर्वांत धीट जागा आहे. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये आवाजाचा पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणामागचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर, अगदी सुरुवातीला असतो: आधी नळ, मग पंप. आत कितीही व्होल्ट आले तरी नळ बारीक केला की पंपापर्यंत थोडंच पाणी जातं. सोयीचं आहे, सुरक्षित आहे. या गृहस्थानं पॉट ठेवला गेनच्या नंतर. आधी पंप, मग नळ. साहजिकच पंपानं गढूळ केलेलं पाणी नळ बारीक करून स्वच्छ होत नाही. मग असा आडमुठेपणा कशासाठी?

रात्री अकरा वाजता हळू आवाजात ऐका, म्हणजे उत्तर मिळेल. पॉट हा रेझिस्टर आहे आणि प्रत्येक रेझिस्टर नुसता बसल्या जागी किंचित खरखरतो. त्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेनं अस्वस्थ असतात. पॉट आधी ठेवला तर ती खरखर आणि ऑप-अ‍ॅम्पची स्वतःची खरखर अडीच किंवा साडेसहा पट होऊन थेट कानात येते, आवाजाचं बटण कुठेही असलं तरी. खालच्या आवाजात गाणं लहान होतं, खरखर तेवढीच राहते. नंतर ठेवला तर बटण कमी करताना गाणं आणि गेनच्या टप्प्याची खरखर दोन्ही एकदम खाली जातात. कानाला संवेदनशील इअरफोन लावणाऱ्याला, आणि खिशातल्या अ‍ॅम्पचा गिऱ्हाईक बहुधा तोच असतो, ही रात्रीची निःशब्दता मिळते. त्याची किंमत एकच: मागच्याचे व्होल्ट आणि तुमची पट ओळखून वागा. रचनाकारानं सोय सोडली आणि शांतता घेतली, आणि तसं आराखड्यासोबत स्पष्ट लिहून ठेवलं. यात मला त्याची अभिरुची दिसते. गवयानं विलंबित लय निवडली की तबलजीच्या चुका लपत नाहीत. तरी तो निवडतो.

पॉटच्या पुढे २.२ मायक्रोफॅरडचे फिल्मचे कपॅसिटर. हेडफोनच्या तोंडाशी अडथळा म्हणून जाडजूड इलेक्ट्रोलिटिक बसवण्यापेक्षा त्यानं लहान, चांगल्या जातीचा कपॅसिटर आत, जिथे प्रवाह नगण्य आहे तिथे, बसवला. पुढे ४०.२ किलोओहम आहेत, म्हणून कापणी होते ती दोन हर्ट्झच्याही खाली. पखवाजाच्या घुमाऱ्याला धक्का नाही. जागा बदलली की तोच भाग सौम्य होतो.

शेवटचा टप्पा एनजेएम ४५५६ चा. ही चिप कुणी नावाजलेली नाही. शौकिनांच्या यादीत तिच्या आधी वीस नावं येतील, त्यांतली काही तिच्या दसपट किमतीची. पण तिचा एकेक भाग सत्तर मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह देतो. ओटूमध्ये प्रत्येक कानासाठी तिचे दोन भाग खांद्याला खांदा लावून जुंपले आहेत आणि दोघांच्या तोंडाशी एकेक ओहमचा रेझिस्टर आहे, म्हणजे बैलजोडीत एकानं दुसऱ्याला ओढू नये. हे दोन एक-ओहम समांतर आले की बाहेरचा अडथळा होतो अर्धा ओहम. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून अ‍ॅम्पचा अडथळा कमी असावा असा या माणसाचा दंडक होता. १६ ओहमच्या इअरफोनलाही दोनपर्यंत चाललं असतं. त्यानं दिला अर्धा. आणि इथे गेन एक पट, म्हणजे जसं आलं तसं पुढे. व्होल्ट मागच्यानं वाढवले, दम यानं दिला. एकानं तान घ्यायची, दुसऱ्यानं ठेका धरायचा. दोन्ही कामं एकाच चिपवर लादली नाहीत.

विजेच्या बाजूबद्दल थोडक्यात, नाहीतर हा लेख सोल्डरचा वास येईपर्यंत लांबेल. ओटू दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतो, एक शून्याच्या वर आणि एक खाली. त्यातली एक आधी मेली तर काय होईल? सगळं सर्किट एका बाजूला कलंडून हेडफोनच्या नाजूक गुंडाळीत सरळ डीसी घुसेल. म्हणून एक तुलना करणारी चिप आणि दोन मॉसफेट पहाऱ्यावर आहेत: एक बाजू पडली की दोन्ही बाजू तोडायच्या. आवाजाशी या पहारेकऱ्यांचा काडीचा संबंध नाही, आणि तरी नकाशावर त्यांना दिलेली जागा बघितली की माणूस किती काळजीनं काम करत होता ते कळतं.

भिंतीतल्या विजेवर चालवताना मात्र त्याला एसी देणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. पुण्यात तापकीर गल्लीत मी एसी अ‍ॅडॉप्टर मागितला तेव्हा दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. “डीसी न्या की साहेब, एसी कोण वापरतंय आता?” शेवटी १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊन तो प्लास्टिकच्या डब्यात बसवला. कारण सोपं आहे. लाटेचा वरचा अर्धा भाग एका डायोडमधून वरच्या बारा व्होल्टकडे जातो, खालचा अर्धा दुसऱ्यातून खालच्या बाराकडे. दोन तारांच्या स्वस्त ट्रान्सफॉर्मरमधून, फुलक्याचे दोन पापुद्रे सोडवावेत तसे, दोन पुरवठे. डीसी दिला तर एक पापुद्रा मिळतो आणि सर्किट अर्धं उपाशी राहतं.

एवढं वाचून झाल्यावर इतरांच्या लाइनचे आकडे या अडीच आणि साडेसहाच्या कसोटीला लावायचा मला नाद लागला. अ‍ॅपलची यूएसबी-सी ते हेडफोन ही बोटभर वायर पूर्ण आवाजावर एक व्होल्ट देते. (युरोपात विकली जाते ती अर्धाच, तिथे कानांच्या रक्षणाचे नियम कडक आहेत.) एक गुणिले साडेसहा, साडेसहा, सातच्या आत, जेमतेम पण आत. म्हणजे ते दुसरं बटण वायफळ नव्हतं. आठवा, २०११ साल म्हणजे आयपॉडच्या तीस पिनांच्या भोकाचे अखेरचे दिवस. लोक त्या भोकातून आवाजाच्या बटणाला वळसा घालणारी लाइन काढायचे, वितभर वायर स्वतः सोल्डर करायचे आणि आयपॉड आणि अ‍ॅम्प रबरबँडनं एकमेकांना बांधून फिरायचे. पुढच्या वर्षी लाइटनिंग आलं आणि तो खेळ संपला. साडेसहा पट त्या एक-व्होल्टवाल्यांसाठी, अडीच पट दोन-व्होल्टवाल्यांसाठी. दोन बैठकी, दोन पट्ट्या, एक बटण. बॅटरीवर मात्र खोली बुटकी होते. तिथे दोन व्होल्टवाल्यालाही अडीच पटीत अंग चोरूनच बसावं लागतं, आणि साडेसहा पटीत एक व्होल्टवालाही छताला लागतो.

आणि तिसरी तऱ्हा आहे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या कॉर्ड कंपनीची. २०१५ मधला त्यांचा मोजो, रॉब वॉट्सनं रचलेला. साबणाच्या वडीहून लहान, आणि आवाजासाठी बटणांऐवजी रंग बदलणारे दोन काचेसारखे गोळे. त्याला लाइन-आउटचं वेगळं भोकच नाही. सुरू करताना दोन्ही गोळे एकदम दाबा. दोन्ही फिक्या निळ्या रंगात उजळतात आणि हेडफोनच्याच भोकातून ठरावीक व्होल्टेज निघू लागतो. वॉट्सचा युक्तिवाद असा की वेगळा हेडफोन अ‍ॅम्प मी ठेवलेलाच नाही, मग लाइन वेगळी कशाला? युक्तिवाद देखणा आहे, आणि ते दोन निळे गोळे अंधारात त्याहून देखणे दिसतात. पण आकडा आहे तीन व्होल्ट. तीन गुणिले अडीच, साडेसात. ओटूच्या छतावर अर्धा व्होल्ट डोकं आपटतं. मोजोचा गोळा काही टिचक्या खाली आणून व्होल्टेज दोनच्या घरात आणता येतो, आणि मग दोघांचं छान जमतं. तरी माझं मत विचाराल तर तीन हा आकडा हट्टाचा आहे. पट्टी चढी ठेवली की गळ्याची तयारी दिसते, हे खरं. पण साथीदार कोण येणार हे माहीत नसताना काळी दोनच बरी. त्या काही शे रुपयांच्या जांभळ्या पट्टीनं हे तारतम्य दाखवलं आहे.

तुमच्याकडे डॅक असेल आणि त्यापुढे अ‍ॅम्प, तर दोन्हींचे कागद एकदा काढा. एकावर लाइन-आउटचा आरएमएस व्होल्टेज बघा, दुसऱ्यावर गेन किती पट आणि जास्तीत जास्त किती व्होल्ट निघतात ते बघा, आणि गुणाकार करा. पॉट गेनच्या आधी आहे की नंतर हे कळलं तर उत्तम. आणि ओटू असेल, डॅक दोन व्होल्टचा असेल, तर पुढच्या पट्टीवरचं ते बटण बाहेरच राहू द्या.